हशासाठी सोडलेली जागा

आज सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. वास आला होता. ज्यांनी सिंगापुरात चार वर्षं काढली आहेत त्यांना हा वास समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. शेजारच्या कुणीतरी ओला पालापाचोळा पेटवला आहे आणि घराला कुलूप लावून तो गावाला निघून गेला आहे, असा तो वास. समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं जळतात, वारा फिरतो, आणि तो धूर आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढून येतो. समोरची इमारत आधी फिकट होते, मग खडूने काढल्यासारखी दिसते, मग कुणी बोटाने पुसल्यासारखी. सूर्याकडे भर दुपारीसुद्धा सरळ डोळे लावून बघता येतं. ह्याला इथे हेझ म्हणतात. ऊन, पाऊस आणि मॉलमधली कडाक्याची थंडी हे तिन्ही ऋतू जिथे रोजच्या रोज उरकले जातात, त्या देशात वाट बघायला लावणारा ऋतू असा हा एकच. आणि त्याची वाट कुणीच बघत नाही.

वैशाली, म्हणजे माझी बायको, टॉवेल ओले करून खिडक्यांच्या फटींना लावत होती. "मंडळाच्या ग्रुपवर आलंय," ती म्हणाली. "पिकनिक रद्द. त्याऐवजी काय करायचं ते सुचवा म्हणतायत." मग माझ्याकडे न बघता, "तू काही सुचवू नकोस."

मी नाहीच सुचवणार. सुचवण्याचं माझं खातं अशाच एका हेझमध्ये बंद झालं.

आमच्या मराठी मंडळात माझी नेमणूक विनोदी माणूस म्हणून आहे. निवडणूक वगैरे झाली नाही, माझ्या कर्तबगारीवर ती आपोआप झाली. एका गणेशोत्सवात मी प्रमुख पाहुणे समजून केटररला हार घातला होता. त्यानेही तो मान खाली घालून घेतला आणि दोन शब्द बोलला. खरे पाहुणे तेव्हा पार्किंग शोधत होते. केटरर त्यांच्यापेक्षा बरा बोलला, असं अजूनही काही जणांचं मत आहे. अशा गोष्टी मी स्वतःच रंगवून सांगतो. दुसऱ्याने सांगितल्या तर त्या खऱ्या वाटतात.

थोरकिल माझ्या आयुष्यात आला तोही मी पडल्यामुळेच. ईस्ट कोस्टला, समुद्राकाठी, शनिवारी सकाळी सायकल चालवायला जायचो. माझी मुलगी ईशा तेव्हा शाळेत होती. तिला दाखवावं म्हणून मी दोन्ही हात सोडून सायकल चालवली आणि हॉकर सेंटर, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीत शिरलो. खुर्च्या एकीत एक अशा रचलेल्या असतात, त्या तशाच संथपणे, एकामागून एक, माझ्यावर आल्या. ईशा मला ओळखत नसल्यासारखी दुसरीकडे बघू लागली. एक उंच, वाळलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा उसाचा रस बाजूला ठेवून माझ्याजवळ आला. मला वाटलं, उठायला हात देतोय. तो इंग्रजीत म्हणाला, "छान होतं. पण पुन्हा पडाल का? ह्या वेळी टोपी आधी पडू द्या. मग तुम्ही. टोपी उचलायला वाकलात की खुर्च्या."

तो डेन्मार्कचा. तिकडे त्याने आयुष्यभर लोकांना हसवणारे सिनेमे काढले होते. त्याची मुलगी मेटे इथे एका जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, तिच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत तो बायको गेल्यावर राहायला आला होता. उजवा कान गेलेला, डाव्यात यंत्र. ते यंत्रही आता पुरत नव्हतं. म्हणून तो डावा कान पुढे करून, मान कलती ठेवून बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, समोरच्याच्या प्रत्येक शब्दात ह्याला केवढा रस आहे. खरंतर रस त्याला फक्त पडण्यात होता.

त्या सकाळी आणि नंतरच्या कित्येक शनिवारी, उसाच्या रसावर, त्याने मला आपली कारकीर्द सांगितली. पहिला सिनेमा त्याने गंभीर काढला होता. एका कोळ्याच्या मरणाची गोष्ट. शेवटी शवपेटी होडीतून बेटावर नेतात, त्या प्रसंगात होडी जरा कलंडली, पेटी घसरली आणि पाद्री तिच्यावर बसला. दुसऱ्यांदा चित्रीकरण करायला निर्मात्याची तयारी नव्हती. तसंच ठेवलं. पहिल्या खेळाला तो शेवटच्या रांगेमागे उभा होता. पाद्री पेटीवर बसला आणि अख्खं थिएटर हशाने फुटलं. "मला वाटलं, दारातून बाहेर पडावं आणि बंदरात उडी मारावी," तो म्हणाला. "पण मी समोर बघितलं. अंधारात लोकांचे चेहरे दिसत नाहीत, खांदे दिसतात. सगळे खांदे एकदम हलत होते. शेतात वारा शिरावा तसे. मी विचार केला, हे मी केलं?"

त्यानंतर दर उन्हाळ्याला एक सिनेमा. तिकडचे लोक उन्हाळ्यात समुद्रावर जातात, तिथे पाऊस लागतो, मग करायचं काय, तर ह्याचा सिनेमा बघायचा. समीक्षक त्याला चार ओळीसुद्धा देत नसत. त्याला त्याचं सुखदुःख नव्हतं, कारण तो रोज संध्याकाळच्या खेळाला कुठल्या ना कुठल्या गावात शेवटच्या रांगेमागे उभा असायचा आणि खांदे बघायचा. हशा कुठे उसळतो, किती टिकतो, कुठे विरतो. हशा मोठा झाला की पुढचं वाक्य त्यात बुडतं. म्हणून त्याने आणि त्याच्या संकलक बाईंनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक मोठ्या विनोदानंतर थोडा वेळ काहीच घडू द्यायचं नाही. नुसता समुद्र दाखवायचा. एखादा पक्षी. लाटा. लोक पोटभर हसून घेतील, डोळे पुसतील, शेजाऱ्याला कोपर मारतील, तेवढा वेळ समुद्र. मग पुढचं वाक्य.

"म्हणजे तुमच्या सिनेमात भोकं आहेत," मी म्हणालो.

"हो. ती लोकांनी भरायची."

मग घरोघर टीव्ही आले. टीव्हीवर हशा आतच भरून येऊ लागला, बाहेरच्या माणसाची गरज राहिली नाही. ह्याचे उन्हाळे संपले. तो लोण्याच्या जाहिराती करू लागला, मग तेही नाही. आणि अगदी म्हातारपणी, सगळे विसरून गेल्यावर, तिकडच्या कुठल्याशा संस्थेला तो थोर असल्याचा शोध लागला. त्यांनी त्याचे सिनेमे दाखवले. आधी एका प्राध्यापकाने तासभर सांगितलं की ह्या विनोदाखाली केवढं दुःख आहे. मग दिवे गेले. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली मुलं टिपणं काढत होती.

"मला एकदा भरलेल्या हॉलमधला हशा ऐकायचाय," तो म्हणाला होता. त्या दिवशी हवेत पहिल्यांदा तो वास आला होता आणि समुद्रावरची जहाजं दिसेनाशी होत होती. "डॉक्टर म्हणतात, हाही कान जाणार. कधी ते त्यांना माहीत नाही. गेला तर गेला. पण त्याआधी एकदा. आणि माझं नाव न ऐकलेल्या लोकांचा."

हे सगळं मी ऐकलं होतं. दोन्ही धड कानांनी.

दुसऱ्याच आठवड्यात हवा इतकी बिघडली की मंडळाची पिकनिक रद्द झाली. पेंडसे आमचे अध्यक्ष. अकाउंटंट म्हणून निवृत्त झालेले, आता इथले नागरिक, भला माणूस. भल्या माणसांनी जेवढं नुकसान करायचं असतं तेवढं करण्याची ताकद असलेला. त्यांचा फोन आला. "टिपणीस, हॉल मिळालाय. बटाटेवड्याची ऑर्डर रद्द होत नाहीये. काहीतरी सुचवा."

मी थोरकिल सुचवला.

"डॅनिश दिग्दर्शक? आपल्या मंडळात?" पेंडसे म्हणाले. "सत्कार करू."

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "शाल माझ्याकडून."

थोरकिलची अट एवढीच होती, की कोणी काही बोलायचं नाही. दिवे घालवायचे, सिनेमा लावायचा, तो मागे दाराशी उभा राहील. मी हो म्हणालो आणि मनापासून म्हणालो. घरी येऊन वैशालीला सांगितलं तर ती ओट्याशीच थबकली. "ऐंशीच्या पुढच्या माणसाला मागे उभं करणार? आणि आपण खुर्चीत बसून खिदळणार? काहीतरीच काय." तिचंही बरोबर होतं. आमच्या सगळ्यांचंच त्या आठवड्यात इतकं बरोबर होतं की थोरकिलच्या म्हणण्याला कुठे जागाच उरली नाही.

पेंडशांनी परिचय लिहायचं काम मला दिलं. आता मी मंडळाचा विनोदी माणूस. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी भारदस्त लिहायची संधी आली होती. सिनेमाची गोष्ट अशी, की एका फेरीबोटीवर तिकीट तपासणारा माणूस असतो. त्याची सासू बाजारात घेतलेलं डुकराचं पिल्लू चोरून बोटीवर आणते, बाबागाडीत झोपवते, त्याला झालरीची टोपी घालते. जो तो बाळाचं कौतुक करायला येतो. तपासनिसाला सगळं माहीत असतं, पण सासूपुढे बोलायची टाप नसते. एवढंच. मी लिहिलं की हे डुक्कर म्हणजे युरोपातल्या मध्यमवर्गाच्या एकाकीपणाचं प्रतीक आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. थोरकिलने तर मुळीच नाही. त्याने फक्त सांगितलं होतं की पिल्लाला टोपी आवडायची नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी धूर इतका होता की रस्त्यावरचे दिवे दुपारीच लागले होते. लोक मास्क लावून आले. हॉलची दारं-खिडक्या बंद, एसी गारठवणारा. धूर ओळखणारी यंत्रं आधीच बावचळली होती, म्हणून समईत बॅटरीच्या वाती लावल्या. थोरकिल मेटेबरोबर आला, दाराशी मला बघून हसला आणि मागच्या भिंतीकडे चालू लागला. तेवढ्यात पेंडशांनी त्याचा दंड धरला. मंचावर, पडद्याच्या डाव्या हाताला, लग्नाच्या डेकोरेटरकडून आणलेली लाल मखमलीची नक्षीदार खुर्ची होती. प्रमुख पाहुण्याची. प्रेक्षकांकडे तोंड करून.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, जरा वेळच.

मग प्रास्ताविक झालं. स्वागतगीत झालं. पेंडशांनी परिचय वाचला. "नावातच थोर" हे त्यांनी स्वतःचं घातलं होतं, आणि त्यावर टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला. एकाकीपणाचं वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी गंभीरपणे माना हलवल्या. थोरकिल कान पुढे करून ऐकत होता. शब्द मराठी असल्याने त्याला काहीच कळत नव्हतं, पण सूर त्याने ओळखला. मला तो ओळखताना दिसला. त्या प्राध्यापकाचा सूर असाच असणार. जगात सगळीकडे तो एकच असतो.

दिवे गेले आणि इंग्रजी सबटायटल्ससकट सिनेमा सुरू झाला. त्या खुर्चीवरून उठून जाणं म्हणजे मंडळाचा अपमान, असं त्याला वाटलं असणार, किंवा शालीच्या आणि नारळाच्या ओझ्याखाली उठता आलं नसेल. नारळ ठेवायचा कुठे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो त्याने दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. पडद्याचा उजेड प्रेक्षकांच्या तोंडावर पडत होता आणि तो समोरून ती तोंडं बघत होता. आयुष्यभर पाठी बघितलेला माणूस.

सासूने पिल्लाला टोपी घातली. कोणी हसलं नाही. पडद्यावर समुद्र आला, बराच वेळ राहिला, गेला. एक म्हातारी बाबागाडीत वाकून म्हणाली, अगदी बापावर गेलाय. कोणी हसलं नाही. समुद्र आला. तिसऱ्या रांगेत एक लहान पोर खिंकाळल्यासारखं हसलं, तर त्याच्या आईने मास्कवरून त्याचं तोंड दाबलं. "शांत बस. ते आजोबा समोर बसलेत ना, त्यांचा पिक्चर आहे." पाद्री आला, पिल्लाला आशीर्वाद देऊ लागला, पिल्लाने त्याचं पुस्तक खायला घेतलं. समुद्र. पक्षी. लाटा. त्या सगळ्या जागा, ज्या त्याने गावोगाव उभं राहून, खांदे बघून, हशाच्या मापाने कापून ठेवल्या होत्या, त्या एकेक करून येत होत्या आणि रिकाम्या जात होत्या. आमचे लोक त्या जागांकडे आदराने बघत होते.

माझ्या शेजारी बसलेली ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "बाबा, व्हाय यू ऑल मेक हिम सिट देअर? सो ऑकवर्ड, लाह."

आता माझ्यातला विनोदी माणूस जागा झाला. वाटलं, कोणीतरी सुरुवात केली की बाकीचे हसतील. मी मास्क खाली केला आणि मोठ्याने हसलो. हॉलमधली झाडून सगळी डोकी माझ्याकडे वळली. पेंडशांनी ओठांवर बोट ठेवलं. थोरकिलनेही माझ्याकडे बघितलं. अंधारात त्याचे डोळे दिसले नाहीत, पण मान कलती होती. त्याने ते ऐकलं होतं. अख्ख्या कार्यक्रमात त्याला ऐकू गेलेला हशा तेवढाच, आणि तोही माझा.

सिनेमा संपला तेव्हा सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पेंडसे माझा हात दाबून म्हणाले, "काय तो समुद्र, टिपणीस. काय ती शांतता. आपल्याकडे कोणाची हिंमत होईल का इतका वेळ नुसता समुद्र दाखवायची?" त्यांचे डोळे ओले होते. मी त्यांना दोष देत नाही. एकाकीपण तर मीच लिहून दिलं होतं. मग बटाटेवडे आले. ज्या लोकांनी इतका वेळ श्वाससुद्धा जपून घेतला होता ते वड्याच्या रांगेत एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसू लागले. कुणीतरी माझ्या त्या हसण्याची नक्कल करत होतं. खांदे हलत होते. थोरकिल तेव्हा लिफ्टमध्ये होता.

टॅक्सीत मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. मेटे पुढे. बाहेर धुरातून गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी म्हणालो, "सगळ्यांना मास्क होते. आतून हसत होते लोक."

"खांद्यांना मास्क नसतो," तो म्हणाला.

माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही का हसलात?"

"विनोदी होतं म्हणून."

"तिथे विनोद नव्हता. तिथे तो तिकीट तपासणारा फक्त दार लावत होता." मग त्याने माझा गुडघा थोपटला. "तुमचे लोक फार चांगले आहेत. माझ्याकडच्यांपेक्षा चांगले. तिकडचे निदान टिपणं काढत होते."

हे त्याने कोणत्या अर्थाने म्हटलं, ह्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. पुढे एक दिवस पाऊस आला, धूर खाली बसला, समोरची इमारत पुन्हा जागेवर दिसू लागली. शनिवारी थोरकिल हॉकर सेंटरला यायचा. रस घ्यायचा. पण कानात यंत्र नसायचं. मी मेटेला विचारलं तर ती म्हणाली, ड्रॉवरमध्ये ठेवलंय, घाला म्हटलं तर म्हणतात, आता काय ऐकायचंय. कान जायचा होता तेव्हा गेला असता. त्याने आधीच घालवला.

पुढे मेटेची बदली झाली, ती दोघं परत गेली. गेल्या वर्षी तिचा निरोप आला, बाबा झोपेत गेले. मी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. जोडलेल्या हातांची रांग लागली. पेंडशांनी मोठा मजकूर लिहिला, हास्याच्या पडद्याआडच्या वेदनेबद्दल. सोबत फोटो, खुर्चीतला, नारळासकट. लोकांनी तो पुढे पाठवला. मीही पाठवला, मेटेला. तिने उत्तर दिलं नाही.

आपल्याकडे माणूस आवडला की आपण आधी त्याला उचलून उंचावर ठेवतो. मग त्याच्यापर्यंत आपला हात पोचत नाही, त्याचा आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि ह्या अंतराला आपण आदर म्हणतो. हे वाक्य मी पेंडशांना एकदा ऐकवलं. ते म्हणाले, "सुंदर. पुढच्या परिचयात घेऊ."

आज दुपारी घरात बसून दोघंही वैतागलो. ईशा आता विद्यापीठाच्या हॉस्टेलवर असते. खिडक्या बंद, टॉवेल वाळत चाललेले. वैशाली म्हणाली, "लाव काहीतरी." मेटेने तेव्हा दिलेला तो सिनेमा माझ्या जुन्या लॅपटॉपवर अजून होता. मी न सांगता तोच लावला. म्हटलं, ओळखेल आणि बंद कर म्हणेल. तिने वाटाण्याच्या शेंगांचं ताट मांडीवर घेतलं आणि सोफ्यावर पाय घेऊन बसली.

टोपीपाशी तिने नुसतं "अगंबाई" केलं. म्हातारी, बापावर गेलाय, म्हणाली तेव्हा तिच्या नाकातून आवाज आला. पाद्र्याचं पुस्तक पिल्लाने तोंडात धरलं आणि पाद्री ते हळूच, कोणाला कळू न देता ओढू लागला, तशी वैशाली जी सुटली ती सुटलीच. ताट कलंडलं, वाटाणे सोफ्याखाली गेले. तिने माझ्या दंडावर चापट मारली, पदर नसल्यामुळे माझ्याच बाहीला डोळे पुसले, आणि पुन्हा हसू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही फजितीवर ती अशी हसलेली नाही.

मी सिनेमा थांबवला. "तू त्या दिवशी पहिल्या रांगेत होतीस," मी म्हणालो. "हेच होतं सगळं. तेव्हा का नाही हसलीस?"

वेड्यासारखं काय विचारतोयस, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. श्वास अजून लागलेला होता.

"अरे, ते समोर बसले होते. सारखे माझ्याकडेच बघत होते. असं तोंडावर हसणार का कुणी एवढ्या मोठ्या माणसाला?" तिने खाली वाकून एक वाटाणा उचलला. "लाव ना पुढे. थांबवलंस काय मध्येच?"